माउली, वाघीण आणि रेल्वेचे वेळापत्रक : इंग्रजी शिकणाऱ्याच्या 'सांस्कृतिक पार्श्वभूमी'चा प्रश्न

१

इंग्रजीच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तीत 'विद्यार्थ्याची सांस्कृतिक पार्श्वभूमी' हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. विद्यार्थी वर्गात मौन पाळतो, धडे पाठ करतो, शिक्षकाला उलट प्रश्न विचारत नाही, मनातल्या मनात भाषांतर करून मगच वाक्य उच्चारतो. या सर्व गोष्टींचे कारण म्हणून त्याच्या पार्श्वभूमीकडे बोट दाखवले जाते. येथे पार्श्वभूमी म्हणजे विद्यार्थ्याने घरून पाठीवर आणलेले एक ओझे, आणि चांगले अध्यापन म्हणजे ते ओझे वर्गाच्या दाराशी उतरवून ठेवण्याची युक्ती, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन प्रकारच्या संहिता शेजारी ठेवून वाचावयाच्या आहेत : इंग्रजी शिकण्याच्या अनुभवाविषयीचे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी लेखन, आणि १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरहून चालविला गेलेला व पुढे जगभर 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला गेलेला अध्यापनाचा प्रयोग. पहिल्या प्रकारच्या लेखनाकडे भाषाशिक्षणाचे अभ्यासक वळत नाहीत, दुसऱ्याकडे साहित्याचे अभ्यासक वळत नाहीत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मात्र या दोहोंची गाठ घालून देणे हे त्याच्या कामातच मोडते.

या गृहीतकाचे शास्त्रीय रूप पाहावयाचे असेल तर रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ सालच्या निबंधाकडे जावे लागते. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांवरून कॅप्लन यांनी निरनिराळ्या संस्कृतींच्या विचारपद्धतीच्या आकृत्याच काढल्या होत्या. इंग्रजीचा परिच्छेद सरळ रेषेत उतरतो. सेमिटिक भाषकांचा समांतर आवर्तने घेत जातो. पौर्वात्यांचा विषयाभोवती घिरट्या घालत राहतो. या आकृत्या अध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गांतून इतक्या फिरल्या, की पुढे कॅप्लन यांनी स्वतःच आपल्या मांडणीला मुरड घातली तरी आकृत्या मागे राहिल्या त्या राहिल्याच. या मांडणीत 'पौर्वात्य' म्हणजे मुख्यतः चिनी व कोरियन, हे त्यांनी स्पष्ट केले होते. भारतीय विद्यार्थ्याला त्या चित्रात जागाच नव्हती. तरीही आपल्याकडील किती शिक्षक-प्रशिक्षकांनी त्या वर्तुळाकार रेषेत आपला विद्यार्थी ओळखला! ज्या चित्रात आपण नाही त्यातही स्वतःला शोधण्याची ही तयारी कोठून येते, हाच मुळात सांस्कृतिक प्रश्न आहे.

कॅप्लन यांच्या पद्धतीतील अडचण अशी, की ती संस्कृतीला भाषेइतकीच एकसंध मानते. एक भाषा, एक संस्कृती, एक विचारपद्धती असा हा हिशेब आहे. मराठीतील पुरावा या हिशेबात बसत नाही, हे पुढे दिसेल.

२

इंग्रजीविषयीच्या दोन प्रतिमांपासून आरंभ करू. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी शिकण्याचे आवाहन करणारी रचना आहे, आणि इंग्रजीला 'माउली' म्हणून संबोधणारीही आहे. माउली हा शब्द मराठीत साधा नाही. वारकरी परंपरेने तो ज्ञानेश्वरांसाठी आणि विठ्ठलासाठी राखून ठेवलेला; ज्याला शास्त्राच्या दारात प्रवेश नाही अशाला जी जवळ घेते ती माउली. मराठी भक्तिपरंपरेतील सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द एका परक्या भाषेला लावताना सावित्रीबाईंनी परंपरा सोडली, की परंपरेचाच आधार घेऊन नवे नाते जोडले? माझ्या मते दुसरे. इंग्रजी येथे परकी भाषा म्हणून येतच नाही. ज्यांना आपल्याच संस्कृतीने ज्ञानापासून दूर ठेवले त्यांना पदराखाली घेणारी म्हणून ती येते.

दुसरी प्रतिमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने रूढ झालेली, 'वाघिणीचे दूध' ही. १८७४ पासून निबंधमाला चालविणाऱ्या विष्णुशास्त्र्यांच्या इंग्रजीविषयीच्या भावनेत आदर, ईर्ष्या आणि आव्हान अशा तिन्ही छटा होत्या, आणि त्या तिन्ही या उपमेत उतरल्या आहेत. वाघिणीचे दूध पिणारा बलवान होतो खरा, परंतु वाघीण त्याची आई नव्हे. ते दूध मिळवावे लागते, पचवावे लागते. आणि ते पिऊन अंगी आलेले बळ त्याच वाघिणीसमोर उभे राहण्यासाठी वापरावयाचे असते. या वक्त्याजवळ स्वतःचे घर आहे, स्वतःची अभिजात परंपरा आहे, संस्कृत आहे. त्याला आईची उणीव नाही; उणीव आहे ती बळाची.

दोन्ही प्रतिमांत इंग्रजीला मातृरूप दिलेले आहे, दोन्हीत दूध आहे, आणि दोन्ही प्रतिमा पुण्याच्याच परिसरात, दोन-तीन दशकांच्या अंतराने घडलेल्या आहेत. भाषा एक, प्रदेश एक, काळ जवळजवळ एक. तरीही इंग्रजीशी असलेले नाते इतके भिन्न, की एका 'मराठी सांस्कृतिक पार्श्वभूमी'त ते कोंबता येत नाही. पुढे याच उपमेचा जो प्रवास झाला तोही लक्षणीय आहे. 'शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे' अशा रूपात ती लोकस्मृतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने रुजली आणि वस्त्या-वस्त्यांतील भिंतींवर लिहिली गेली. श्रेय कोणाचे हा वाद बाजूस ठेवला तरी एवढे दिसते, की सदाशिव पेठेतील निबंधकाराची उपमा ज्यांच्या हाती गेली, त्यांनी तिच्यातील गुरगुरणे आपल्याच समाजव्यवस्थेकडे वळविले. प्रतिमा तीच राहिली, वाघीण कोणावर सोडावयाची ते मात्र बदलले.

३

प्रतिमांकडून प्रत्यक्ष शिकण्याच्या अनुभवाकडे वळले, की हा भेद अधिक स्पष्ट होतो. मराठी आत्मचरित्रांत इंग्रजी शिकण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि बहुधा तो आत्मचरित्राचा कणा असतो. येथे तीनच उदाहरणे घेतो.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. मराठी घर, भोवती कन्नड मुलूख आणि शिक्षणासाठी मिशनची शाळा अशी त्यांची स्थिती होती. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी पूर्वधर्मापासून ख्रिस्ती धर्मापर्यंतचा आपला प्रवास सांगितला आहे. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या घरांना इंग्रजी शाळेविषयी जी धास्ती वाटे ती व्याकरणाची नव्हती, मुलगा हातचा जाईल ही होती. आणि पदमनजींच्या बाबतीत ती खरी ठरली. तेव्हा विद्यार्थ्याचे वर्गातील मौन अथवा वर्गातील उत्साह यांचा अर्थ केवळ भाषेच्या आकलनाशी जोडून चालत नाही. वाक्य उच्चारणाऱ्या मुलाला ठाऊक असते, की घरी कोणीतरी कान देऊन बसले आहे.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा कान देणारा समाज फारच जवळ आलेला आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, विवाह होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या. पतीने त्यांना प्रथम मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. शिकविणारा घरातला कर्ता पुरुष आणि विरोध करणाऱ्या घरातल्याच वडीलधाऱ्या स्त्रिया, अशा कात्रीत हे शिक्षण झाले. रमाबाईंनी सार्वजनिक सभेत इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले, त्याची शिक्षा त्यांना सभेत नव्हे, घरी आल्यावर बायकांच्या बोलण्यातून मिळाली. येथे इंग्रजी ही पतीच्या खोलीची भाषा आहे, माजघराची नव्हे. एकाच वाड्यात, जिन्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूस, दोन सांस्कृतिक पार्श्वभूमी नांदत होत्या आणि एकच मुलगी दिवसातून कितीदा तरी तो जिना चढत-उतरत होती. तिच्या पाठांतराला, तिच्या हळू वाचण्याला, तिच्या संकोचाला आपण 'भारतीय विद्यार्थ्याची सवय' म्हणणार असू, तर तो जिना आपल्याला दिसलेलाच नाही.

तिसरे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके घोटवून घेतली, हे आंबेडकरांच्या आठवणींच्या आधारे चरित्रकारांनी नोंदविलेले आहे. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा असताना अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. संस्कृत ही 'आपली' भाषा, तिचे दार बंद. इंग्रजी ही 'परकी' भाषा, तिचे दार उघडे. अशा मुलाच्या बाबतीत स्वकीय आणि परकीय या शब्दांचे अर्थच उलटतात. आणि ज्या साधनांनी त्याने ते दार ओलांडले ती कोणती? पाठांतर आणि भाषांतर. म्हणजे आज ज्यांना सांस्कृतिक पार्श्वभूमीचे दोष म्हणून गणले जाते नेमकी तीच.

तर्खडकरांच्या पाठमालेची पद्धत ठाऊक असलेल्यांना हे सहज पटेल. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले या जोडवाक्यांवर वाढली. ही पद्धत संभाषण शिकवीत नाही हे खरे. परंतु प्रत्येक वाक्य दोन भाषांत तोलून पाहण्याची सवय ती लावते. दोन भाषांपैकी कोणतीही एक स्वयंसिद्ध नाही, प्रत्येकीत काही बसते आणि काही उरते, याचे भान मुलाला नकळत येते. तौलनिक साहित्याचा पहिला धडा याहून वेगळा काय असतो? तसेच पाठांतराचे. वेदपाठशाळेतील पाठांतर हे परंपरेने दिलेल्या अधिकाराचे रक्षण होते. रामजी सकपाळांनी मुलाकडून करवून घेतलेले पाठांतर हे नाकारलेला अधिकार हस्तगत करणे होते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हीकडे ओठ सारखेच हलताना दिसतात. संस्कृतीचा विचार बाह्य सवयींच्या यादीने करू नये तो यासाठी.

४

आता बंगळूरकडे येऊ. हे स्थलांतर दिसते तितके दूरचे नाही. शहाजीराजांची जहागीर या नगरात होती, आणि तेव्हापासून येथे मराठी बोलणारी घरे आहेत. आधुनिक काळातही धारवाड, बेळगाव, सांगली, पुणे आणि बंगळूर या शहरांतून इंग्रजीच्या प्राध्यापकांची ये-जा चालू होती. कन्नडचे श्रेष्ठ कवी वि. कृ. गोकाक हे इंग्रजीचे अध्यापक. त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत शिकविले, हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालकपद भूषविले आणि पुढे ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेची स्थापना १९६३ ची. दक्षिणेतील राज्यांच्या शाळांतून इंग्रजी शिकविणाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे तिचे कार्य. वाक्यरचनांचे क्रमवार पाठ आणि त्यांची तोंडी आवर्तने ही तेव्हाची मान्य पद्धत होती. तिच्याविषयीच्या असमाधानातून एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली एक वेगळा प्रयोग आरंभला. प्रादेशिक भाषेच्या माध्यमाच्या सामान्य शाळांतील, मोठ्या पटाच्या वर्गांत तो चालविला गेला. बंगळूरखेरीज तमिळनाडूतील शाळाही त्यात होत्या. प्रभूंची भूमिका अशी, की मन अर्थाच्या कामात गुंतलेले असताना व्याकरण आतल्या आत घडत जाते. म्हणून वर्गात व्याकरण शिकवू नये, काम द्यावे. घड्याळाच्या तबकड्या, दिनदर्शिका, नकाशे, शाळेचे व रेल्वेचे वेळापत्रक, पैशाचे हिशेब, तारा, अशा सामग्रीवर आधारलेले प्रश्न मुलांनी सोडवावयाचे आणि ते सोडविताना इंग्रजी वापरले जावयाचे. प्रभूंचे 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' हे पुस्तक १९८७ साली आले. तत्पूर्वी १९८५ साली ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी प्रकल्पाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, आणि काही मर्यादा सांगूनही निष्कर्ष एकंदरीत अनुकूल दिला. कार्याधिष्ठित अध्यापनाचा जागतिक इतिहास लिहिताना आज बंगळूरचे नाव पहिल्या पानावर येते.

या प्रयोगाचे वाचन शैक्षणिक मानसशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. ते संस्कृतीच्या अंगाने केल्यास दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात.

पहिली गोष्ट गटचर्चेची. पाश्चात्त्य अध्यापनविचारात मुलांना लहान गटांत बसविणे, आपापसांत बोलू देणे, शिक्षकाने मागे सरणे, ही प्रगत वर्गाची खूण मानली गेली आहे. कार्याधिष्ठित अध्यापनाची पुढील रूपे तर गटकार्यावाचून कल्पिताच येत नाहीत. आणि तरी त्या विचाराच्या उगमस्थानी, बंगळूर प्रकल्पात, गटकार्याला जवळजवळ स्थान नव्हते. प्रथम शिक्षक सर्व वर्गासमवेत एक प्रश्न सोडवी, नंतर तशाच प्रकारचा दुसरा प्रश्न प्रत्येक मूल आपला आपण सोडवी. प्रभूंनी यामागील मुख्य कारण भाषिक दिले आहे : मुलांची अपुरी भाषा एकमेकांच्या सहवासात पक्की होऊन बसेल. परंतु आणखी एक धागाही त्यांच्या विवेचनात आहे : चुकण्याची लाज शिक्षकासमोर जितकी वाटते त्याहून ती बरोबरीच्या मुलांसमोर काहींना अधिक वाटते. ही साधी नोंद मला फार मोलाची वाटते. शिक्षककेंद्रित वर्ग म्हणजे दडपशाहीचा वर्ग, असे सरसकट समीकरण ती मोडते. ज्या समाजात बरोबरीची म्हणवणारी मुले प्रत्यक्षात बरोबरीची नसतात, कोणाच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते आणि कोणाच्या घरी अक्षरच येत नाही, त्या समाजात लहान गट हा समतेचा मंच असेलच असे नाही. तो उतरंडीची छोटी प्रतही असू शकतो. अशा वेळी शिक्षकाची मध्यवर्ती जागा दुर्बळ मुलाला आडोसा देते. संस्कृतीचा आदर करावयाचा म्हणून प्रभूंनी हे केले नाही. मुले खरोखर कशी शिकतात याकडे बारकाईने पाहिल्यामुळे ते त्यांच्याकडून घडले, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय आहे.

दुसरी गोष्ट सामग्रीची. रेल्वे, टपाल, तार, शाळा, दिनदर्शिका, नाणी : ही यादी प्रथमदर्शनी संस्कृतिनिरपेक्ष वाटते. तीत देऊळ नाही, सण नाही, स्वयंपाकघर नाही, जात नाही, नातीही बेताचीच. तशीच तीत लंडन नाही आणि नाताळही नाही. वासाहतिक पाठ्यपुस्तकातील डॅफोडिल्स गेले, आणि त्यांच्या जागी तुळशीवृंदावन न येता आले ते रेल्वेचे वेळापत्रक. परंतु वेळापत्रक हीदेखील संस्कृतीच आहे. स्वातंत्र्योत्तर प्रजासत्ताकाने सर्व नागरिकांसाठी सामाईक म्हणून जी जागा कल्पिली तिची ती संस्कृती : जेथे गाडी सर्वांसाठी एकाच वेळी सुटते आणि उत्तर बरोबर की चूक हे उत्तर देणाऱ्याच्या नावावरून ठरत नाही. मत विचारणाऱ्या प्रश्नांपेक्षा तर्काने सोडवावयाच्या प्रश्नांना प्रभूंनी जे प्राधान्य दिले, त्याचाही अर्थ येथे लागतो. आपल्या शाळेत मुलाचे मत कोणी विचारलेले नसते; गणित मात्र रोज विचारलेले असते. निश्चित उत्तर असलेल्या प्रश्नात त्याला पाय टेकावयास जमीन मिळते. विद्यार्थ्याच्या शालेय संस्कृतीत जे आधीच होते त्यावरच इंग्रजी उभे केले गेले.

या निवडीची किंमतही होती, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सामाईक जागा निर्माण करण्यासाठी मुलाचे घर वर्गाबाहेर ठेवावे लागले. मातृभाषेला वर्गात मज्जाव नव्हता, पण तिला नेमून दिलेले कामही नव्हते. तर्खडकरांच्या मुलाला सतत दोन भाषांच्या मध्ये उभे राहावे लागे. प्रभूंच्या मुलाला त्या सीमेची जाणीव करून देण्याचे कारण पडले नाही. आणि सामाईक मानलेली ही जागाही कालबद्धच ठरली. भारतातील तार सेवा २०१३ साली बंद झाली; तारेचा मजकूर आजच्या मुलासमोर ठेवला तर तो जुन्या काळातील एक सांस्कृतिक वस्तू म्हणूनच समजावून सांगावा लागेल. निरपेक्ष सामग्री अशी नसते. आपल्या काळाशी एकरूप झालेली सामग्री तेवढी निरपेक्ष भासते.

याहून मोठे मौन रस्त्याविषयीचे आहे. प्रकल्प चालू असतानाच, १९८० साली, कर्नाटक शासनाने शाळांतील भाषांच्या स्थानाविषयी समिती नेमली. अध्यक्ष होते वि. कृ. गोकाक. माध्यमिक शाळेत कन्नड हीच प्रथम भाषा असावी अशी शिफारस समितीने १९८१ च्या अहवालात केली, आणि १९८२ साली तिच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या आंदोलनाने बंगळूरचे रस्ते भरून गेले. अभिनेते राजकुमार त्यात उतरले. ज्या शहराच्या वर्गांत मुले शांतपणे इंग्रजी वेळापत्रके सोडवीत होती, त्याच शहरात कोणत्या भाषेला कोणती जागा यावर माणसे घोषणा देत होती. प्रभूंच्या युक्तिवादात या घटनेला काही कार्य नाही. पद्धतीचा विचार सत्तेच्या विचारापासून वेगळा काढता येतो, हे त्यांच्या पिढीच्या भाषाशिक्षणशास्त्राचे गृहीतक होते. फिलिप्सन, पेनिकुक, कनगराजा यांनी १९९० नंतर ज्यावर टीकेचा रोख धरला ते हेच.

५

याच शहराने पुढे आणखी एक इंग्रजी पाहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बंगळुरात परदेशी ग्राहकांच्या दूरध्वनींना उत्तरे देणारी कॉल सेंटरे उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर उच्चार 'तटस्थ' करण्याचे प्रशिक्षण आले. या प्रशिक्षणाने एक संज्ञा रूढ केली : एमटीआय, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. उमेदवाराच्या मूल्यमापनात ही तीन अक्षरे दोष म्हणून लिहिली जातात. कन्नडभाषक 'बस'ला 'बस्सु' म्हणतो, मराठीभाषक 'झीरो'मध्ये आपला 'झ' आणतो, यांच्या याद्या होतात आणि त्या पुसून काढावयाच्या असतात. पूर्वीच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या कल्पनेचेच हे संक्षिप्त आणि व्यापारी रूप आहे. फरक एवढाच, की कॅप्लन यांच्या आकृतीत निदान कुतूहल होते. येथे आहे ती केवळ वजाबाकी.

प्रभूंच्या वर्गातही मुलांच्या चुका दुरुस्त होत, पण काम पुढे जाण्यासाठी आणि तेवढ्यापुरत्याच. चूक ही त्या प्रश्नाची असे, मुलाची नसे. एमटीआयच्या भाषेत चूक ही माणसाच्या जन्माची खूण होते. आणि तरीही, ज्या तरुणांनी या प्रशिक्षणातून नोकऱ्या मिळविल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात ते पहिले पगारपत्रक होते, हे विसरून चालणार नाही. येथेही इंग्रजी एकाच वेळी माउली आहे आणि वाघीण आहे. आपण प्राध्यापकमंडळींनी केवळ वाघीण पाहावी, हे आपल्या सुरक्षिततेचे लक्षण ठरेल.

मातृभाषेचा प्रभाव म्हणताना मातृभाषा कोणती, हा प्रश्नही कोणी विचारत नाही. अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळुरात शिकविताना एका वर्गात मी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकण्याची आपली पहिली आठवण घरच्या भाषेत लिहून आणण्यास सांगितले होते. जुन्या पेठेतील एका मराठीभाषक घरातून आलेली मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "घरची भाषा म्हणजे कोणती लिहू? आजीशी बोलते ती मराठी आहे, पण ती मला लिहिता येत नाही. लिहिता येते ती कन्नड, पण आजी त्या आठवणीत कन्नड बोलत नाही." शेवटी तिने कन्नड लिपीत मराठी लिहून आणली. मला ती वाचता येईना; तिने ती वाचून दाखविली. तिच्या आठवणीत आजी तिला इंग्रजी महिन्यांची नावे ओव्यांच्या चालीवर म्हणावयास लावीत होती. आजीला इंग्रजी येत नव्हते. चाल येत होती.

२०११ च्या जनगणनेनुसार बंगळूर जिल्ह्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहूनही कमी आहेत. उरलेल्यांत तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी, मल्याळम, मराठी अशी घरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या माध्यमविषयक धोरणावर निर्णय देताना प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून मातृभाषा लादता येणार नाही असे ठरविले, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविणे पालकांवर सोपविले. कायद्याने जी गोष्ट निवडीची मानली ती वर्गात आणि कंपनीत मात्र जन्मजात डाग म्हणून वावरते.

६

या सर्व विवेचनातून काय हाती येते? माझ्या मते एवढे, की सांस्कृतिक पार्श्वभूमी ही विद्यार्थ्याच्या मागे असलेली वस्तू नाही. ती विद्यार्थी आणि इंग्रजी यांच्यामधील नाते आहे, आणि ते नाते घर, जात, लिंग, रस्ता आणि रोजगार यांनी घडविलेले असते. म्हणून एकाच भाषेच्या एकाच गावातील दोन मुलांत ते भिन्न असते. आणि म्हणून पाठांतर, भाषांतर, मौन यांसारख्या सवयींना स्वतःचा असा ठरलेला अर्थ नसतो. तो अर्थ वाचावा लागतो, आणि वाचण्याचे हे काम सर्वेक्षणापेक्षा साहित्यसमीक्षेच्या जवळचे आहे.

प्रभूंनी १९९० साली लिहिलेल्या एका निबंधात सर्वश्रेष्ठ अशी अध्यापनपद्धती का असू शकत नाही, याची चर्चा केली आहे. शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाच्या मनात स्वतःची अशी एक पटलेली जाण असते, ती जिवंत असेल तर कोणतीही पद्धत चालते आणि ती मेली तर कोणतीही चालत नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. हा विचार एक पाऊल पुढे नेता येतो. अशी जाण विद्यार्थ्याजवळही असते, आणि विद्यार्थ्याच्या घराजवळही. रामजी सकपाळांजवळ ती होती, न्यायमूर्ती रानड्यांजवळ होती, पेठेतल्या त्या आजीजवळही होती. शिकणे म्हणजे काय याविषयीची घरातून आलेली ही जाण, हाच संस्कृतीचा वर्गात येणारा खरा अंश. बंगळूर प्रकल्प यशस्वी झाला तो मुलांच्या गणिती शालेय जाणिवेशी त्याचे जुळले म्हणून. आणि तो अपुरा राहिला तो घरातील जाणिवेला त्याने काम दिले नाही म्हणून.

विद्यापीठांतील इंग्रजीचे आणि भारतीय भाषांचे विभाग आजही बहुधा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. इंग्रजीच्या वर्गात विद्यार्थ्याची भाषा हा प्रभाव असतो, आणि मराठीच्या वर्गात इंग्रजी हे आक्रमण. या दोन्ही वर्गांत बसणारा विद्यार्थी मात्र एकच असतो, आणि वर्षाअखेरीस त्याच्याविषयी 'पार्श्वभूमी कच्ची' असा शेरा लिहिला जातो. तो शेरा लिहिण्यापूर्वी या विद्यार्थ्याला त्याची पहिली इंग्रजी आठवण त्याला जमेल त्या भाषेत आणि लिपीत लिहावयास सांगावी, आणि ती आपल्याला वाचता आली नाही तर त्याच्याकडून वाचून घ्यावी, एवढीच सूचना येथे करावयाची आहे.